वहीतल्या बंदिशी पुस्तकात आणताना

आमच्या गाण्याच्या बाई गेल्या तेव्हा कपाटात तीन वह्या निघाल्या. दोन फुलस्केप, तिसरी एका बँकेची जुनी डायरी. त्यांत दोनशेच्या आसपास बंदिशी (राग-तालात बांधलेल्या चिजा), काही शाईने, काही पेन्सिलीने, आणि मधूनच वाण्याचा हिशोब. पुस्तक करायचं असं आम्ही चौघा शिष्यांनी तेराव्यालाच ठरवलं. मला वाटलं सहा महिन्यांत होईल. चार वर्षं लागली, आणि त्यातला निम्मा काळ मी स्वतःच करून ठेवलेल्या चुका निस्तरण्यात गेला.

गुरूंची, आजोबांची, एखाद्या कीर्तनकार काकांची अशी वही ज्यांच्या घरात आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. क्रम महत्त्वाचा आहे. मी तो उलटा केला होता: आधी टाइप करायला बसलो, मग वह्या नीट पाहिल्या.

आधी वहीचे फोटो, मग बाकी सगळं

वही हातात आली की पहिला मोह होतो तो ती "नीट" करण्याचा. सुटलेली पानं सेलोटेपने चिकटवणं, कव्हर घालणं, पुसट अक्षरं पेनाने गिरवणं. यातलं काहीही करू नका. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते आणि खालची शाई घेऊन निघते. लॅमिनेशन तर नकोच. आणि गिरवलेलं अक्षर तुमचं असतं, गुरूंचं नाही.

स्कॅन रंगीत करा, किमान ३०० डीपीआय, पेन्सिलीचं लिखाण असेल तर ६००. मोबाइलच्या स्कॅनिंग अॅपमधला "ब्लॅक अँड व्हाइट" फिल्टर दस्तऐवजांना छान असतो, बंदिशीच्या वहीला घातक. आमच्या डायरीत बाईंनी समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, खुणा फिक्या पेन्सिलीने केल्या होत्या. पहिल्या स्कॅनमध्ये त्या साफ गेल्या आणि मी तीन आठवडे समेशिवायच्या बंदिशींकडे बघत बसलो. कोरी पानं, मलपृष्ठ, आत ठेवलेल्या चिठ्ठ्या, सगळं घ्या. बाईंच्या एका बंदिशीचा अंतरा (दुसरा भाग) लग्नपत्रिकेच्या पाठीवर होता.

प्रत्येक फाइलला वही आणि पान कळेल असं नाव द्या: वही२_पान०४७. पुढे पुस्तकात एखाद्या स्वराबद्दल वाद झाला (होतोच) की याच क्रमांकाने मूळ पान दोन मिनिटांत समोर येतं. मूळ वह्या मग सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवून द्या. त्यांच्यावर काम करायचं नाही, काम स्कॅनवर.

कॅसेट ऐकायच्या आधी पट्टी पाहा

वहीपेक्षा कॅसेटची घाई जास्त आहे. कागद शंभर वर्षं टिकतो, फीत टिकत नाही, आणि चांगला डेक मिळणं दरवर्षी अवघड होत चाललंय. कॅसेट बरीच वर्षं पडून असेल तर थेट वाजवू नका. एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. ध्वनिमुद्रण वेव्ह फाइलमध्ये घ्या, २४ बिट, ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झ. एमपीथ्री ही नंतर वाटायची प्रत.

आता एक गोष्ट जी ध्वनिमुद्रणवाले सांगत नाहीत, गाणाऱ्यालाच कळते. तानपुऱ्याचा षड्ज, म्हणजे सा, तपासा. आमच्या बाई आयुष्यभर काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, गायल्या. एका कॅसेटमधला षड्ज मात्र काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्येच कुठेतरी लागत होता. म्हणजे त्या दिवशी बाईंनी पट्टी बदलली नव्हती, तर मूळ मुद्रणाच्या वेळी यंत्र हळू फिरत होतं आणि आता आमच्या डेकवर सगळं किंचित जलद वाजत होतं. वेग तेवढा कमी केल्यावर लयही जागेवर आली आणि बाईंचा आवाजही बाईंचा वाटू लागला. जुळवलेली फाइल वेगळी ठेवा, मूळ तशीच राहू द्या. वहीला जो नियम, तोच कॅसेटला.

यादी: कुठली बंदिश कुणाची

आता एक तक्ता करा. राग, ताल, लय, पहिली ओळ, मुद्रा (रचनाकाराने बंदिशीत गुंफलेलं टोपणनाव), वही-पान, कॅसेट असेल तर तिचा क्रमांक, आणि एक महत्त्वाचा रकाना: इतरत्र छापलेली आहे का?

शेवटचा रकाना भरताना मन दुखावतं. वहीत आहे ते सगळं गुरूंनी रचलेलं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात वही ही शिकण्या-शिकवण्याची जागा असते. बाईंच्या दोनशेपैकी नव्वदहून जास्त बंदिशी पारंपरिक निघाल्या, त्यातल्या कितीतरी पंडित भातखंड्यांच्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धती : क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत सापडल्या. ते सहा भाग शेजारी ठेवल्याशिवाय ही यादी करूच नका. त्याशिवाय विनायकराव पटवर्धनांचं 'रागविज्ञान', ओंकारनाथ ठाकुरांची 'संगीतांजली', रामाश्रय झा 'रामरंग' यांची 'अभिनव गीतांजली' हेही चाळावं लागतं. ही पुस्तकं जुन्या संगीत विद्यालयांच्या कपाटांत बहुधा मिळतात.

मुद्रा हा पुरावा मानू नका, फक्त धागा माना. 'सदारंग' म्हणजे महंमदशहा रंगीले याच्या दरबारातले नियामत खाँ. पण त्यांच्या मागून आलेल्या कित्येकांनी आपली रचना सदारंगाच्या नावाने पुढे केली, आदर म्हणून किंवा चालून जावी म्हणून. अलीकडच्या मुद्रा त्या मानाने भरवशाच्या: आग्रा घराण्याच्या फैयाज खाँसाहेबांची 'प्रेमपिया', बडे गुलाम अली खाँची 'सबरंग', जगन्नाथबुवा पुरोहितांची 'गुणिदास', श्रीकृष्ण रातंजनकरांची 'सुजान'.

यादीच्या शेवटी तीन गठ्ठे पडतील. नक्की गुरूंच्या, नक्की पारंपरिक किंवा दुसऱ्याच्या, आणि मधला संशयाचा. मधला गठ्ठा लपवू नका. आम्ही तो पुस्तकात वेगळ्या विभागात घेतला आणि "वहीत आढळलेल्या, कर्तृत्व अनिश्चित" असं सरळ लिहिलं. एका ज्येष्ठ गायिकेने पुस्तक पाहून त्यातल्या दोन बंदिशी आपल्या आजोबांच्या असल्याचं कळवलं, मूळ वहीच्या फोटोसकट. ते नाव आता दुसऱ्या आवृत्तीत जाईल.

हक्क कुणाचा: शिष्याचा नाही

इथे बहुतेक जण घसरतात, मीही घसरलो. "बाईंनी ही वही मला स्वतःच्या हाताने दिली" हे वाक्य मी अभिमानाने सांगत असे. कायद्याच्या नजरेत त्याचा अर्थ एवढाच, की कागद माझा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार रचनेचा हक्क रचनाकाराचा, आणि त्यांच्या पश्चात वारसांचा. गळ्यात तीस वर्षं वागवली म्हणून बंदिश शिष्याची होत नाही. एक अपवाद मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे: अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्राने कुणाला दिलं असेल आणि मृत्युपत्रात उलट काही म्हटलेलं नसेल, तर हस्तलिखितासोबत कॉपीराइटही त्या व्यक्तीकडे जातो. हयातीत भेट दिलेल्या वहीला हे लागू नाही.

दुसरी गोष्ट. बंदिशीत कायद्याला दोन कृती दिसतात. शब्द ही साहित्यकृती आणि चाल ही संगीतकृती, स्वरलिपी, म्हणजे स्वर कागदावर लिहिण्याच्या खुणा, तीही तिच्यातच आली. शब्द एखाद्या कवीचे आणि चाल गुरूंची असेल तर दोन्हीकडची परवानगी लागते. बाईंनी एका ओळखीच्या कवीची दोन मराठी पदं बांधली होती. त्यांच्या मुलीला पत्र लिहिलं, तिने आनंदाने होकार दिला. न विचारता छापलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं, कायद्याचं नंतर.

मुदत अशी मोजतात: रचनाकाराच्या निधनानंतरच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. भातखंडे १९३६ मध्ये गेले, त्यांचं लेखन केव्हाच सर्वांचं झालं. रातंजनकर १९७४ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांवर २०३४ च्या अखेरपर्यंत हक्क आहे. रचना हयातीत प्रसिद्धच झाली नसेल तर ६० वर्षं पहिल्या प्रकाशनानंतरच्या वर्षापासून धरतात. पण इथे "प्रसिद्ध" याचा अर्थ फक्त छापील नाही. जाहीर मैफलीत गायलेली किंवा विक्रीला आलेल्या ध्वनिमुद्रिकेतली बंदिशही या हिशोबात प्रसिद्धच धरली जाते. म्हणून यादीत "मैफलीत गायली का, केव्हा" हाही रकाना असू द्या.

वारसांशी करार लेखीच हवा. तोंडी "हो हो, छापा की" याला किंमत नाही. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आमच्या बाईंचा मुलगा परदेशात, निम्मे शिष्यही तिकडेच, त्यामुळे "जगभर" हा शब्द आम्ही विसरलो असतो तर तिथे पुस्तक विकताच आलं नसतं. छापील पुस्तक, ई-बुक आणि ध्वनी या तीन गोष्टी तीन वेगळ्या कलमांत लिहा. वारस दोनापेक्षा जास्त असतील किंवा आपसात बोलत नसतील, तर वकिलाकडे जाण्यात कमीपणा नाही.

टिंब वर की खाली

आता संगीत. आणि इथे थोडा इतिहास, कारण त्याशिवाय वही वाचता येत नाही.

महाराष्ट्रातल्या जुन्या वह्यांत दोन स्वरलिपी भेटतात. एक विष्णू दिगंबर पलुसकरांची. कुरुंदवाडला जन्मलेले, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तयार झालेले पलुसकर १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढतात, आणि विद्यार्थ्यांना हातात धरायला पुस्तक हवं म्हणून स्वरलिपीची पुस्तकं छापतात. दुसरी भातखंड्यांची. वाळकेश्वरचा हा वकील गावोगाव फिरून, उस्तादांची मनधरणी करून चिजा गोळा करतो आणि त्या छापून टाकतो. घराण्याबाहेर चीज जाऊ न देण्याच्या काळात हे केवढं धाडस होतं याची आज कल्पना येत नाही. भातखंड्यांच्या खुणा सोप्या होत्या, छापायला सुटसुटीत होत्या, आणि अखेर त्याच रूढ झाल्या.

आमच्या बाई लहानपणी पलुसकरांच्या परंपरेत शिकल्या आणि पुढे परीक्षेच्या मुलांसाठी भातखंडे पद्धतीत लिहू लागल्या. वह्यांत दोन्ही आहेत, कधी कधी एकाच पानावर. आता हे पाहा:

भातखंड्यांच्या लिपीत स्वरावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक, स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं). पलुसकरांच्या लिपीत स्वरावर टिंब म्हणजे मंद्र! तार स्वरावर ते उभी रेघ देतात. म्हणजे पलुसकर पद्धतीचं पान भातखंड्यांचं समजून वाचलं तर मंद्रातला निषाद दोन सप्तकं वर जाऊन बसतो. शून्याचंही तसंच. भातखंड्यांकडे ० ही 'खाली'ची, म्हणजे तालातल्या टाळी नसलेल्या जागेची, खूण, पलुसकरांकडे स्वराखालचं ० म्हणजे अर्धी मात्रा. सम भातखंड्यांकडे ×, पलुसकरांकडे १. 'खाली'ची खूण पलुसकरांकडे +. कोमल स्वराला भातखंडे खाली आडवी रेघ देतात, पलुसकर हलन्तासारखी खूण.

म्हणून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात (स्कॅनवर, वहीत नाही) आधी "प" किंवा "भा" लिहून टाका. पान कुठल्या पद्धतीचं ते ओळखायला एक सोपी युक्ती: सम शोधा. × दिसला की भातखंडे.

पुस्तक कुठल्या लिपीत काढायचं? मी भातखंडे म्हणेन, कारण आज वाचणारे बहुतेक तीच शिकलेले आहेत. पण पलुसकर पद्धतीतलं एखादं पान छायाचित्र म्हणून जरूर द्या.

एक ओळ उतरवून पाहू

बाईंची बंदिश इथे देता येत नाही, म्हणून नमुन्याला मीच एक साधी ओळ जुळवली आहे. राग भूप, त्रिताल, मध्यलय, 'खाली'पासून उठणारी:

मात्रा: ९ १० ११ १२ | १३ १४ १५ १६ | १ २ ३ ४ | ५ ६ ७ ८

स्वर: सां सां ध प | ध – प प | ग रे ग – | रे ग प ध

शब्द: गु नि ज न | सं ऽ ग त | क रि ए ऽ | नि स दि न

ताल: ० | ३ | × | २

बघा, केवढ्या गोष्टी या चार ओळींत दडलेल्या असतात. स्वर लांबला तर आडवी रेघ, शब्द लांबला तर अवग्रह (ऽ), आणि दोन्ही बरोबर एकाखाली एक. "सां" वरचं टिंब तार सप्तकाचं, पण खालच्या ओळीत "सं" वरचं टिंब साध्या अनुस्वाराचं. सम "करिए"च्या "क"वर, तिथे गंधार, आणि गंधार हा भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर. वहीत अशी सम चुकून "नि"वर पडलेली दिसली तर आधी आपल्या वाचण्याचा संशय घ्या, मग बाईंच्या लिहिण्याचा.

आणि "गुनिजन" हा शब्द. इथे तो साधा शब्द आहे, जाणकार लोक एवढाच अर्थ. पण गायक सी. आर. व्यासांची मुद्रा 'गुणिजान' होती. घाईत यादी करणारा माणूस माझी ही चार पैशांची ओळ त्यांच्या नावावर टाकून मोकळा होईल.

उतरवताना दर आवर्तनाच्या मात्रा मोजा. त्रितालात सोळा, एकतालात बारा, झपतालात दहा. हिशोब चुकला की ओळ चुकली. एका मात्रेत दोन-तीन स्वर असतील तर त्यांच्याखाली कंस हवा, नाहीतर सोळाच्या अठरा मात्रा होतात. कण, म्हणजे मुख्य स्वराआधी ओझरता लागणारा स्वर, वरच्या बाजूला बारीक अक्षरात. कंसातला स्वर, समजा (प), म्हणजे वरचा स्वर, प, खालचा स्वर आणि पुन्हा प, हे प्रस्तावनेत एकदा सांगून टाका.

सगळ्यात मोठी परीक्षा मोहाची. वहीत एक, कॅसेटमध्ये दुसरं आणि आपल्या गळ्यात तिसरं असतं. तिन्ही खरी असू शकतात, बाई तरी एक बंदिश दोनदा सारखी कुठे गायच्या? आम्ही वहीतला पाठ मुख्य धरला, कॅसेटमधला फरक तळटीपेत दिला, आणि आमच्या गळ्यातला पुस्तकात घेतलाच नाही. यावरून आमच्यात कडाक्याचं भांडण झालं. माझ्या गुरुभगिनीचं म्हणणं, वहीतला मारवा रागातल्या बंदिशीचा अंतरा कच्चा आहे, बाईंनी नंतर तो सुधारून आम्हाला शिकवला. असेलही. पण वहीला साक्षीला कागद आहे आणि कॅसेटला आवाज. आम्हा चौघांत मात्र दोन पाठ होते.

विलंबित ख्यालाच्या वाट्याला फार जाऊ नका. मुखडा (सुरुवातीचा तुकडा) कितव्या मात्रेवरून उठतो, सम कुठल्या अक्षरावर, अंतऱ्याचा तार षड्ज कुठे, एवढा सांगाडा द्या. त्यातली मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) आणि श्वास लिहायला गेलात तर पान मुंग्यांनी भरल्यासारखं दिसेल आणि तरी गाणं त्यात नसेल. त्यासाठी कॅसेट आहे.

शब्दांची दुरुस्ती करू नका

बंदिशींची भाषा ब्रज, लिहिणारा हात मराठी. त्यामुळे "बिन"चं "विन", "मन"चं "मण" होतं. यमनातली सगळ्यांना येणारी "एरी आली पिया बिन" घ्या. मराठी कानाला "आली" म्हणजे कुणीतरी आली. ब्रजमध्ये आली म्हणजे सखी. एका टंकलेखकाने हा शब्द "चुकीचा" वाटून "आई" केला होता, मी पकडला म्हणून बरं.

उघड लेखनदोष असेल तर पुस्तकात शुद्ध रूप द्या, पण मूळ रूप टीपेत ठेवा. अर्थ मात्र प्रत्येक बंदिशीखाली दोन ओळींत जरूर लिहा. गाणाऱ्या पोरांना अर्थ कळला की शब्द कुठे तोडायचा हे सुधारतं, हे मी वर्गात पाहिलंय.

अक्षरजुळणी: इथे पैसे वाचवू नका

श्रीलिपी-पेजमेकर या जुन्या जुळणी-सॉफ्टवेअरच्या जमान्यातला ऑपरेटर असेल तर तो वेगाने काम करील, पण त्याची फाइल दहा वर्षांनी उघडणार नाही. युनिकोडमध्येच करून घ्या. कोमलासाठी अनुदात्ताचं चिन्ह (रे॒, ग॒, ध॒, नि॒) आणि तीव्र मध्यमासाठी उदात्ताचं (म॑) वापरता येतं. तार स्वराला अनुस्वार, मंद्राला नुक्ता (अक्षराखालचं टिंब). नुक्त्यात एक खोच आहे: मंद्र निषाद लिहिताना आधी न, मग नुक्ता, मग वेलांटी. आधी वेलांटी दिलीत तर कित्येक फॉन्टांत तुटक वर्तुळ उमटतं. मंद्र कोमल स्वरात टिंब आणि रेघ एकमेकांवर चढतात, तिथे भातखंडे चिन्हांसाठी मुद्दाम बनवलेला फॉन्ट घेणं बरं.

स्वर-शब्द-तालाच्या ओळी स्पेस देऊन कधीही जुळवू नका. तक्ता करा, दर मात्रेला एक घर, रेषा अदृश्य. फॉन्टचा आकार बदलला की स्पेसवर उभी केलेली अख्खी इमारत कोसळते.

आणि छापखान्याला द्यायची फाइल पीडीएफच, फॉन्ट आत बसवलेले. मी एका छापखान्याला भाबडेपणाने उघडी फाइल दिली. त्यांच्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता, दुसरा लागला आणि सगळ्या आडव्या रेघा नाहीशा झाल्या. वर ठळक अक्षरात राग भैरव आणि खाली रिषभ-धैवत शुद्ध. नशीब, नमुन्याचे दोनच फॉर्म छापले होते.

प्रूफ गाऊन वाचा

शुद्धलेखन तपासणारा इथे अर्ध्याच कामाचा. प्रूफ गाऊन तपासावं लागतं, आणि ते ज्याला बंदिश येते त्याने गाऊ नये. त्याचा डोळा कागदावर असतो आणि गळा आठवणीवर, चूक दिसतच नाही. आम्ही दुसऱ्या गुरूंकडे शिकणाऱ्या दोन मुलींना बसवलं, ज्यांनी बाईंना कधी ऐकलेलं नव्हतं. त्या कागदावरून गायच्या, आम्ही कॅसेट ऐकलेले लोक हातात लाल पेन घेऊन गप्प बसायचो. त्या जिथे अडखळल्या तिथे बहुतेक वेळा छपाईची चूक होती. पहिल्याच संध्याकाळी एकतीस निघाल्या.

कागद, आकार, बांधणी

डेमी या पुस्तकाच्या नेहमीच्या आकारात त्रितालाच्या सोळा मात्रा एका ओळीत मावत नाहीत, आठ-आठ कराव्या लागतात. त्याहून रुंद असा क्राऊन आकार घ्या, थोडा महाग पडला तरी. अक्षर मोठं ठेवा, कारण हे पुस्तक हातात धरून कुणी वाचत नाही, ते जमिनीवर किंवा पेटीवर पडलेलं असतं आणि वाचणारा तानपुरा घेऊन दोन फूट लांब. त्याच कारणाने बांधणी शिवणीची हवी. नुसत्या गोंदाच्या बांधणीचं पुस्तक आपोआप मिटतं, आणि दाबून उघडं ठेवलं की पानं सुटतात. एक बंदिश समोरासमोरच्या दोन पानांत संपली पाहिजे. अंतऱ्याच्या तानेला पान उलटायला तिसरा हात कुणाला असतो?

कॅसेटमधलं गाणं ऐकवायला पुस्तकात क्यूआर कोड देणार असाल तर तो स्वतःच्या नावावर घेतलेल्या पत्त्याकडे न्या, फुकटच्या दुव्याकडे नको. तो बंद पडला की पुस्तकात नुसती काळी चौकट उरते. आणि रेडिओवरून घरी टेप केलेलं गाणं तिथे लावू नका, त्या मुद्रणावर प्रसारण करणाऱ्या संस्थेचाही हक्क असतो.

तीनशेच्या आत प्रती काढायच्या असतील तर डिजिटल छपाई, त्यापुढे ऑफसेटचा विचार करा. आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून ऑनलाइन आणि विनामूल्य मिळतो, स्वतः प्रकाशक असाल तरीही. तो विकणारे दलाल भेटतील, त्यांना नमस्कार करा.

पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याची नॅशनल लायब्ररी, मुंबईची सेंट्रल लायब्ररी, चेन्नईची कोन्नेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. १९५४ चा कायदा आहे, पण कायदा नसता तरी पाठवा. मूळ वह्यांचे स्कॅन आणि कॅसेटच्या फाइली घरच्या एकाच हार्ड डिस्कवर नकोत. संगीत नाटक अकादमी किंवा गुरुग्रामचं अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं लोकसंगीत-अभिजात संगीताचं संग्रहालय अशा ठिकाणी विचारून पाहा. देताना कुणाला ऐकू द्यायचं, कुणाला प्रत द्यायची, या अटी लिहून द्या.

पहिल्या आवृत्तीची एक प्रत मी हार्मोनियमच्या पेटीत ठेवली आहे, चुका टिपायला. आजवर तिच्यात एकोणीस लाल खुणा झाल्या. अठरा आमच्या आहेत. एकोणिसावी मारव्याच्या त्या अंतऱ्यावरची: परवा बाईंच्या मुलाने आणखी एक कॅसेट पाठवली, आणि तिच्यात बाई तो अंतरा माझी गुरुभगिनी म्हणत होती तसाच गातायत. तळटीप तयार आहे. तिला फोन अजून केलेला नाही.